माणूस धरायचा की जागा?

कॉलेजात असताना मी दोन वर्षं बास्केटबॉलच्या संघात होतो. खेळलो असं म्हणायला जीभ धजत नाही, कारण बहुतेक वेळ बाकावरच गेला. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या दिवशी परतीच्या पावसाची सर येऊन गेली होती. सिमेंटचं मैदान पोत्यांनी पुसून घेतलं आणि सामना सुरू झाला. उत्तरार्धात मला आत पाठवलं. माझ्याकडे सोपवलेला पोरगा पाच मिनिटांत दोनदा मला चकवून गेला. एकदा मी घसरलो, एकदा आमच्याच गड्याला धडकलो. सामना दोन गुणांनी हातचा गेला. संपल्यावर सरांनी सगळ्यांसमोर एकच विचारलं, ‘‘तुझा माणूस कुठे होता?’’

आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, ‘‘सर, मैदान ओलं होतं. झोन लावला असता तर?’’ सर उखडले. झोन हा आळशांचा बचाव, मर्द गडी समोरच्याला अंगावर घेतो, असं काहीसं ते बोलले. मी मान खाली घालून ऐकत होतो.

पुढे नोकरी लागली, खेळ सुटला. तो प्रश्न मात्र सुटला नाही. खेळाचं किंवा इतिहासाचं कुठलंही रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. रात्रीची जेवणं आटोपली की जुन्या सामन्यांची वर्णनं वाचायची, चित्रफिती मागेपुढे करून पाहायच्या, वहीत टिपणं काढायची, एवढीच माझी साधना. त्या वह्यांमधून हाती आलेली ही गोष्ट आहे. ती घडली अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कोर्टांवर. पण ‘दोष कोणाचा?’ हा तिच्यातला प्रश्न आपल्या ओल्या सिमेंटवरचाही आहे.

दोन रीती

बास्केटबॉल न खेळलेल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. प्रत्येक संघाचे पाच जण असतात. ‘मॅन-टू-मॅन’ बचावात प्रत्येकाला समोरचा एकेक गडी नेमून दिलेला असतो. तो जाईल तिकडे जायचं. ‘झोन’मध्ये गड्याऐवजी जागा नेमून देतात. रिंगच्या पुढचा टापू पाच जणांनी वाटून घ्यायचा आणि चेंडू जसा फिरेल तसं पाचही जणांनी एकत्र सरकायचं. पुढे दोन आणि मागे तीन उभे राहिले की तो २-३ झोन. एक, मग तीन, मग एक अशी रचना केली की १-३-१.

कबड्डी पाहणाऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. डावा कोपरा, उजवा कोपरा, कव्हर या जागा आहेत. चढाई करणारा कुठे वळतो त्यावर कोणी पकड करायची हे ठरतं, आणि बाकीचे साखळी धरून त्याला साथ देतात. कबड्डीत असं खेळणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. मग बास्केटबॉलमध्येच झोनच्या कपाळी हा बट्टा का आला?

त्यासाठी थेट आरंभापाशी जावं लागतं. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड इथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून हा खेळ तयार केला. वर्गात १८ विद्यार्थी, म्हणून नऊ-नऊचे दोन संघ. पीचच्या दोन टोपल्या आणि १३ नियम. त्यातले दोन आपल्या कामाचे आहेत: चेंडू घेऊन पळायचं नाही, आणि प्रतिस्पर्ध्याला धरायचं, ढकलायचं, पाडायचं नाही. म्हणजे रग्बीसारखं अंगावर जाऊन अडवण्याची वाट जन्मतःच बंद झाली. अडवायचं तर नुसतं योग्य ठिकाणी उभं राहून. बचावाचा सगळा इतिहास या मनाईतून निघाला. ‘योग्य ठिकाण’ कोणतं, गड्याच्या पुढ्यातलं की रिंगच्या वाटेवरचं, एवढाच काय तो वाद.

वायएमसीएमार्फतच हा खेळ आपल्याकडे आला. स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांतून हा खेळ रुजला. खेळाबरोबर त्याचे समजही आले, आणि त्यातलाच एक आमच्या सरांपर्यंत पोचला असावा.

गळकं छप्पर

झोनच्या जन्माची जी हकीकत सांगितली जाते ती १९१४ मधली, वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या राज्यातली. ब्रिस्टल नावाच्या छोट्या गावात कॅम हेंडरसन हे शिक्षक मुलांचा संघ सांभाळत. एका सामन्यात छप्पर गळत होतं, लाकडी जमीन निसरडी झाली होती. समोरच्याच्या मागे धावायला गेलं की पोरं घसरून पडत. तेव्हा हेंडरसननी त्यांना आपापल्या जागी उभं राहायला सांगितलं: पळू नका, येईल त्याला अडवा. पुढे मार्शल कॉलेजात १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षं प्रशिक्षक असताना त्यांनी या बचावाला नाव मिळवून दिलं. २-३ झोनचं श्रेय आजही त्यांच्याकडे जातं.

ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून राहिलो. ओल्या जमिनीवर ‘झोन लावला असता तर’ असं विचारणारा आमचा मित्र नकळत या खेळाच्या इतिहासातलीच एक पायरी पुन्हा चढत होता!

झोन मुळात नाइलाजातून निघाला, आणि नाइलाज ज्यांच्या वाट्याला जास्त त्यांच्याकडे तो वाढला. ज्यांचे गडी कमी चपळ, ज्यांच्या बाकावर बदली खेळाडू थोडे, ज्यांचा उंच खेळाडू फाउलांनी बाद व्हायच्या बेतात आहे, त्यांना झोन परवडतो. मॅन-टू-मॅनमध्ये साखळीतली सगळ्यात कच्ची कडी समोरच्याला लगेच हेरता येते. झोनमध्ये तिच्या दोन्ही बाजूंना शेजारी असतात.

घराण्यांचा अभिमान

उलट बाजूला मॅन-टू-मॅनची घराणी उभी राहिली. ‘घराणी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण इथेही गुरुशिष्य परंपरा आहे. नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉरेस्ट ‘फॉग’ अ‍ॅलन पुढे तिथलेच प्रशिक्षक झाले, १९०७ ते १९०९ आणि नंतर १९१९ ते १९५६. अ‍ॅलन यांच्या संघातून अ‍ॅडॉल्फ रप निघाले आणि त्यांनी केंटकीला मोठं केलं. अ‍ॅलन यांच्याच १९५२ च्या विजेत्या संघात डीन स्मिथ होते, ज्यांनी नॉर्थ कॅरोलायनाचं नाव गाजवलं. ओक्लाहोमा ए अँड एमचे हेन्री आयबा या परंपरेबाहेरचे, पण मॅन-टू-मॅनचे कडवे पुरस्कर्ते. १९४५ आणि १९४६ अशी सलग दोन वर्षं त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

या घराण्यांत झोनकडे तुच्छतेने पाहिलं जाई. रप यांची गोष्ट तर मजेशीर आहे. झोन खेळणार नाही असा त्यांचा बाणा. पुढे १-३-१ लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी ‘झोन’ हा शब्द टाळून भूमितीतल्या संज्ञा जोडून त्याला एक लांबलचक नाव दिलं! त्यांचे गुरू अ‍ॅलन जास्त मोकळे. त्यांनी आपल्या बचावाच्या नावातच माणूस आणि झोन ही दोन्ही तत्त्वं एकत्र बसवली होती. नाव त्यांचंही लांबलचकच होतं, पण त्यात लपवाछपवी नव्हती.

आयबांच्या बचावाकडेही नीट पाहिलं तर हेच दिसतं. फाटक झुलावं तसा त्यांचा संघ चेंडूच्या बाजूला झुकायचा. एक गडी चुकला की शेजारचा पुढे सरायचा. शिवाय रिंगखाली सात फुटी बॉब कर्लंड उभा असे. रिंगकडे उतरणारे चेंडू तो वरच्या वर अडवी, इतके की १९४४-४५ च्या हंगामापासून तसं करायला बंदी आली. आता हा कर्लंड माणूस राखत होता की जागा?

व्यावसायिक लीगने मात्र सरळ निकालच लावला. पुढे एनबीए झालेल्या लीगने आपल्या पहिल्याच हंगामात, जानेवारी १९४७ मध्ये, झोनवर बंदी घातली. तिकीट काढून आलेल्या माणसाला मोठे खेळाडू एकमेकांना भिडताना पाहायचे असतात, हा व्यवहार. ती बंदी २००१ पर्यंत टिकली. कॉलेजांनी अशी बंदी कधी घातली नाही. म्हणून हा वाद अर्धशतकाहून अधिक काळ जिवंत राहिला तो कॉलेजांच्या कोर्टांवर.

सात विरुद्ध शून्य

झोनवरचा खरा आरोप वेगळाच होता: झोनमुळे खेळ थिजतो. त्यात तथ्य होतं. बाहेरून टाकलेल्या शॉटलाही दोनच गुण, आणि चेंडू किती वेळ ठेवायचा याला मर्यादा नाही. झोनवाले रिंगभोवती कोंडाळं करून बसणार आणि चेंडूवाले म्हणणार, बाहेर या, मग खेळू. १९३२ मध्ये मध्यरेषा आणि दहा सेकंदांत ती ओलांडण्याचा नियम आला, १९३६ मध्ये रिंगजवळ तीन सेकंदांहून जास्त थांबायला मनाई झाली. तरी कोंडी पुरती फुटली नाही.

२४ फेब्रुवारी १९७९ रोजी ड्यूक विद्यापीठाच्या कोर्टावर ती टोकाला गेली. डीन स्मिथ यांच्या कॅरोलायनासमोर ड्यूकने झोन लावला. तो मोडून त्यांना बाहेर ओढायचं म्हणून स्मिथ यांनी चेंडू नुसता फिरवत ठेवायला सांगितलं. ड्यूक हलेना. मध्यंतराला गुणफलक होता ७-०. उत्तरार्धात दोन्ही संघ रीतसर खेळले आणि दोघांनीही ४०-४० गुण केले. ड्यूक ४७-४० ने जिंकलं. पहिल्या वीस मिनिटांचं भांडण अखेरपर्यंत पुरलं.

७ मार्च १९८२ रोजी तोच प्रसंग राष्ट्रीय दूरदर्शनवर घडला. कॅरोलायनासमोर व्हर्जिनिया होतं, आणि व्हर्जिनियाकडे सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन. एका गुणाची आघाडी मिळताच स्मिथ यांच्या मुलांनी कित्येक मिनिटं चेंडू खेळवत ठेवला, आणि व्हर्जिनिया झोन सोडून पुढे येईना. सामना कॅरोलायनाने ४७-४५ असा जिंकला, पण लोक चिडले. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये याच संघाने जॉर्जटाउनच्या झोनवरून चेंडू फिरवत नेऊन मायकेल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाकडे दिला. त्याच्या शॉटवर राष्ट्रीय विजेतेपद आलं, ६३-६२. झोन फोडायचा कसा आणि फोडायचं टाळायचं कसं, दोन्ही धडे एकाच संघाने एकाच महिन्यात दिले.

शेवटी नियम बदलले. १९८५-८६ पासून ४५ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं. पुढे ते ३५ आणि २०१५ पासून ३० सेकंदांवर आलं. १९८६-८७ पासून देशभर तीन गुणांची रेषा आली, रिंगपासून १९ फूट ९ इंचांवर. सगळे म्हणाले, आता झोन संपला.

इथे इतिहासाने गंमत केली. तीन गुणांच्या रेषेने झोनला जखम केली हे खरं, कारण लांबून नेम धरणाऱ्याला आता दीडपट मोल आलं. पण घड्याळाने झोनला हातच दिला. पूर्वी चेंडूवाले हव्या तितक्या वेळ फट शोधू शकत. आता ३० सेकंद नेटाने जागा राखली की समोरच्याला कसाबसा शॉट टाकणं भाग. झोनची कोंडी फोडायला आणलेलं घड्याळच झोनच्या कामी आलं. नियम करणारे एका बाजूचं दार लावतात तेव्हा दुसऱ्या बाजूची खिडकी उघडते, हे खेळातही खरं आहे.

आळशांचा बचाव?

आता सरांच्या ‘आळशी’ या शब्दाकडे येतो. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात जॉन चेनी १९८२ ते २००६ प्रशिक्षक होते. १९५१ मध्ये ते आपल्या शहरातल्या सार्वजनिक शाळांच्या लीगमधले सर्वोत्तम खेळाडू ठरले. पण ते कृष्णवर्णीय, गरीब घरचे. शहरातल्या मोठ्या विद्यापीठांनी त्यांना घेतलं नाही. फ्लॉरिडात कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात जाऊन ते शिकले. प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी आपल्यासारखीच, मोठ्या नावांच्या संघांनी वगळलेली मुलं गोळा केली आणि त्यांना ‘मॅच-अप झोन’ शिकवला. त्यात जागा नेमलेली असते, पण त्या जागेत जो येईल त्याला मॅन-टू-मॅनसारखंच अंगावर घ्यायचं, आणि तो पुढच्या टापूत गेला की बोलून शेजाऱ्याच्या हवाली करायचं. न बोलता हा बचाव चालतच नाही. सराव पहाटे उजाडायच्या आत सुरू होई. १९८८ मध्ये हा संघ देशात पहिल्या क्रमांकावर गेला. पहाटे साडेपाचला उठून शिकलेल्या बचावाला आळशांचा म्हणायला मोठं धाडस लागतं.

दुसरे जिम बोहाइम, सिरॅक्यूजचे, १९७६ ते २०२३. सुरुवातीच्या वर्षांत ते दोन्ही बचाव वापरत. १९८७ मध्ये सुपरडोममध्येच अंतिम सामना त्यांनी बॉब नाइट यांच्या इंडियानाकडून एका गुणाने गमावला, ७४-७३. नाइट म्हणजे मॅन-टू-मॅनचा कट्टर आचार्य. हळूहळू बोहाइम २-३ झोनवर स्थिरावले. २००९ च्या नोव्हेंबरात एका सराव सामन्यात त्यांनी मॅन-टू-मॅन लावून पाहिला आणि गावातल्याच छोट्या ल मॉइन कॉलेजकडून ते हरले. त्यानंतर ते जवळपास पूर्णपणे झोनचेच झाले.

त्यांची युक्ती साधी होती: पुढच्या दोन जागांवर ठेंगणे चपळ गडी न ठेवता लांब हातांचे उंच गडी ठेवायचे, म्हणजे बाहेरचा शॉटही झाकला जातो. २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत या झोनसमोर मोंटानाने ३४, कॅलिफोर्नियाने ६०, इंडियानाने ५० आणि मार्क्वेटने ३९ गुण केले. चार सामन्यांत मिळून १८३, म्हणजे सरासरी ४६ सुद्धा नाही. या स्पर्धेत दोन सामन्यांमध्ये बऱ्याचदा एकच मोकळा दिवस मिळतो. वर्षभर मॅन-टू-मॅन खेळलेल्या संघांना हा अनोळखी झोन एका दिवसात उमगत नसे.

पण मला सगळ्यात भिडलेला क्षण २००३ चा आहे. पुन्हा सुपरडोम, पुन्हा अंतिम सामना. सिरॅक्यूजसमोर कॅन्सस, म्हणजे नेस्मिथ आणि अ‍ॅलन यांचंच घर. सिरॅक्यूज तीन गुणांनी पुढे, घड्याळात दोन सेकंदांहून कमी उरलेले. चेंडू कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या मायकेल ली याच्याकडे गेला. त्याने उडी मारली, आणि रिंगजवळचा हकीम वॉरिक झेपावत तिथे पोचून त्याने तो शॉट हवेतच उडवला. ८१-७८. ही चित्रफीत मी किती वेळा पाहिली त्याला गणती नाही. दर वेळी सरांचा प्रश्न मनात येतो: ली हा कोणाचा माणूस होता? कोणाचाच नव्हता. वॉरिक गेला, कारण जाण्यासारखा तोच होता.

मधली वाट

हा विजय झोनचा म्हणावा, तर इतिहास तिथेही थांबत नाही. २०१९ मध्ये व्हर्जिनियाने विजेतेपद मिळवलं ते मॅन-टू-मॅनवर. पण तो कसला? प्रशिक्षक टोनी बेनेट यांना वडील डिक बेनेट यांच्याकडून मिळालेल्या या बचावात रिंगपासून साधारण १६ फुटांवर एक काल्पनिक रेषा मानतात. चेंडूवाल्याला धरणारा एकटा रेषेबाहेर. बाकीचे चौघे आपापल्या माणसावर लक्ष ठेवून रेषेच्या आत. नाव माणसाचं, आणि उभं राहणं बरंचसं झोनचं. एक वर्ष आधी, २०१८ मध्ये, याच संघाला पहिल्याच फेरीत यूएमबीसीने ७४-५४ असं लोळवलं होतं. अव्वल मानांकित संघ सोळाव्या मानांकिताकडून हरण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती पहिलीच वेळ. तरी बेनेटनी बचावाचं मूळ सोडलं नाही.

आणि २०२३ मध्ये बोहाइम गेल्यावर त्यांचेच शिष्य एड्रियन ऑट्री यांनी सिरॅक्यूजला मॅन-टू-मॅनकडे वळवलं. तीन गुणांची रेषा मागे गेली तशी मैदानाची व्याप्ती वाढली, लांबून नेम साधणारे प्रत्येक संघात तीन-चार झाले. पाच जणांनी झाकायचं तरी किती?

माझा निष्कर्ष एवढाच आहे. शंभर वर्षं ज्याला दोन स्वभावांचं भांडण म्हटलं गेलं, ते प्रत्यक्षात छप्पर, जमीन, घड्याळ, रेषा आणि हाताशी असलेली मुलं यांनी ठरवलं. जिथे बचाव उत्तम झाला, मग तो आयबांचा असो, चेनींचा असो वा बेनेटचा, तिथे प्रत्येकाला एक जबाबदारी नेमलेली होती आणि ती सोडून शेजाऱ्यासाठी धावायची मुभाही होती. नेमणुकीला नाव माणसाचं द्या की जागेचं.

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या मैदानावर संध्याकाळी शाळेतल्या मुलींचा सराव चालला होता. एक मुलगी घसरली, समोरची तिला ओलांडून गेली आणि चेंडू रिंगमध्ये पडला. प्रशिक्षक बाईंनी शिटी वाजवली. पडलेली मुलगी कपडे झटकत खालमानेनं उभी राहिली. बाई तिला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या मुलीकडे पाहून विचारलं, ‘‘ती पडली तेव्हा तू कुठे होतीस?’’

मी कुंपणापाशी उभा होतो. सर आता नाहीत. असते, तर त्यांना हाताला धरून तिथे घेऊन आलो असतो.